निमकर साहेबांचा व्हायोला

"हात धुतलेत ना?" निमकर साहेबांनी विचारलं.

मी तेव्हा त्यांच्या टर्नटेबलच्या पोटात हात घालून मोटर चाचपत होते. मोटर इतकी तापली होती की तिच्यावर पापड भाजला असता. मालकाला ज्या मशीनचं फार कौतुक असतं, ते आतून कोणी कधी उघडलेलं नसतं, असा माझा अनुभव आहे. इथेही आत जळमटं होती, आणि एक मेलेलं झुरळ.

"धुतले," मी म्हटलं. "मशीनचं आतून काय करायचं?"

हे त्यांना आवडलं नाही. तसंही मी दारात आल्यापासून त्यांना काहीच आवडलं नव्हतं. बेल वाजवल्यावर त्यांनी माझ्या मागे जिन्याकडे पाहिलं होतं आणि "टेक्निशियन खाली आहेत का?" असं विचारलं होतं. मी म्हटलं, वर आल्यात. तरी ते क्षणभर वाट बघत उभे राहिले.

तर ती टेक्निशियन मी. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा. सातपूरच्या एका टीव्ही कारखान्यात टेस्टिंगला होते. तो बंद पडला, तेव्हा इंदिरानगरात ऑडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. सीडी आली होती, कॅसेट गेली नव्हती, आणि रेकॉर्ड भंगारात जाता जाता अचानक प्रतिष्ठित झाली होती. माझ्याकडे दोन प्रकारची माणसं येत. एक, ज्यांना गाणं ऐकायचं असतं. दुसरी, ज्यांना आपण काय ऐकतो ते सांगायचं असतं. दुसऱ्यांची मशिनं जास्त बिघडतात.

निमकर साहेब बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, आणि ध्वनिमुद्रिका आस्वाद मंडळाचे अध्यक्ष. गंगापूर रोडवरच्या त्यांच्या दिवाणखान्यात दर महिन्याला पंधरा-वीस ज्येष्ठ मंडळी जमत. डोळे मिटून रेकॉर्ड ऐकत, मग डोळे उघडून चर्चा करत. चर्चा जास्त वेळ चाले. मंडळाचं दैवत म्हणजे एका जुन्या कृष्णधवल चित्रपटाचं पार्श्वसंगीत. चित्रपटाचं नाव मी सांगत नाही, कारण मंडळाचे काही सभासद अजून हयात आहेत आणि त्यांना माझं दुकान माहीत आहे.

घाटातल्या टोलनाक्यावरच्या एका कारकुनाची ती गोष्ट. चित्रपट चालला नव्हता. गाणी कोणाला आठवत नाहीत. पण त्याच्या शेवटाकडे एक प्रसंग आहे. कारकुनाची बायको बसमध्ये बसून निघून जाते आणि कोणी काही बोलत नाही. फक्त एकटं तंतुवाद्य वाजतं. आधी वरच्या सुरांत तीन-तीनदा एकच वाक्य सुरू करतं आणि शेवटच्या सुराच्या आधी थांबतं. मग एकेक पायरी खाली उतरतं आणि अगदी तळाच्या सुरावर येऊन राहतं. तो सूर जराही थरथरत नाही. नुसता उभा राहतो. मला संगीतातलं फार कळत नाही, पण तो तुकडा पहिल्यांदा ऐकला तेव्हा हातातला स्क्रू ड्रायव्हर मी खाली ठेवला होता.

या संगीताची तीन रूपं बाजारात होती. एक, चित्रपटातलं. त्यात तो एकल तुकडा अर्धा झाला की बस सुरू होते आणि उरलेला इंजिनाच्या आवाजात बुडतो. दोन, त्या काळी निघालेली फक्त पार्श्वसंगीताची एलपी. तिच्यात बस नाही, तुकडा अखंड आहे. आणि तीन, संगीतकाराच्या पुतण्याने अलीकडे नव्याने करून काढलेली स्टिरिओ कॅसेट. तिच्यात पुतण्याने बायको निघून जाताना ऑक्टोपॅड वाजवला आहे. ती ऐकून वाटतं, बाई गेली ते बरंच झालं.

निमकर साहेबांच्या जावयाने अमेरिकेहून हे टर्नटेबल पाठवल्यापासून मंडळाला एलपी एका नव्याच रूपात दिसायला लागली होती.

"ऐका," ते मला म्हणाले. मी मोटर थंड व्हायची वाट बघत होते, तेवढ्यात त्यांनी व्याख्यान उरकून घेतलं. "चित्रपटातला तुकडा वरच्या पट्टीत आहे आणि घाईत आहे. निर्मात्याची घाई. एलपीसाठी संगीतकाराने तो पुन्हा रेकॉर्ड केला. मनासारखा. संथ, खालच्या पट्टीत. आणि तेही व्हायोलिनवर नाही. व्हायोलावर."

व्हायोला म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. दिसायला तसाच, अंगाने मोठा, आवाज जाडसर.

"रेकॉर्डच्या कव्हरवर तसं लिहिलंय?"

"कव्हरवर वादकांची नावं त्या काळी लिहीत नसत. हे माझं संशोधन आहे." ते उठून हार्मोनियम घेऊन आले. "व्हायोलिनची सगळ्यात जाड तार मोकळी सोडली की हा सूर. याच्या खाली व्हायोलिन जाऊच शकत नाही. आणि एलपीवरचा शेवटचा सूर हा." त्यांनी तीन पट्ट्या खालचा सूर दाबला. "आता सांगा."

पुरावा बिनतोड होता. मंडळाच्या स्मरणिकेत त्यावर त्यांचा लेखही छापून झाला होता. मुंबईच्या एका दिवंगत व्हायोलावादकाचं नाव त्यांनी शोधून काढलं होतं आणि तो तुकडा त्याच्या नावावर केला होता. येत्या रविवारी कार्यक्रम होता, 'एक पार्श्वसंगीत, तीन ध्वनिमुद्रणं'. त्यात स्मरणिकेचं प्रकाशन. मशीन तोवर गार पाहिजे होतं.

"पण तो तुकडा तर भालेराव सरांनी वाजवलाय म्हणतात," मी म्हटलं.

निमकर साहेब हसले. वडीलधारी माणसं लहान मुलाच्या थापेवर हसतात तसे.

डॅनियल भालेराव सर शरणपूरला राहत आणि व्हायोलिन शिकवत. तरुणपणी मुंबईच्या सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात होते. आल्या-गेल्या प्रत्येकाला सांगत, तो एकल तुकडा माझा. अडचण अशी की सर इतरही बरंच सांगत. अमुक संगीतकाराला चाल मीच सुचवली, तमुक नटी माझ्या वाजवण्यावर फिदा होती, असलं. केसांना तेल, गळ्याला स्कार्फ, आणि समोरच्याला बोलू द्यायची सवय नाही. त्यामुळे त्यांचं जे एक खरं होतं, तेही लोकांनी थापांच्या ढिगात टाकून दिलं होतं. मंडळाने त्यांना रविवारी बोलावलं होतं, पण 'त्या काळातील एक व्हायोलिनवादक' म्हणून. शाल, नारळ आणि पहिल्या रांगेत खुर्ची.

मी पुन्हा मशीनकडे वळले. मोटरवरची पट्टी पुसली आणि वाचली. मग हसू आलं ते दाबून धरलं.

इथे थोडी शाळा घ्यावी लागेल. आपल्या घरातल्या विजेला दोन गोष्टी असतात. एक दाब, म्हणजे व्होल्टेज. दुसरी ठोके. वीज एका सेकंदात इतक्यांदा इकडून तिकडे जाते-येते, ते ठोके. आपल्याकडे सेकंदाला पन्नास, अमेरिकेत साठ. मोटरवरच्या पट्टीवर साठच लिहिलं होतं. तिकडचा दाब आपल्या निम्मा असतो, म्हणून तिकडचं यंत्र इथे लावताना मध्ये ट्रान्सफॉर्मर घालतात. निमकर साहेबांनी घातला होता, चांगला होता. पण ट्रान्सफॉर्मर फक्त दाब कमी करतो. ठोक्यांना तो हात लावत नाही. आणि या जातीची मोटर दाबावर नाही, ठोक्यांवर चालते. अमेरिकेत ती सहा पावलं टाकायची तेवढ्या वेळात इथे पाच टाकत होती. तापत होती तीही त्याचमुळे.

म्हणजे रेकॉर्ड हळू फिरत होती. आणि रेकॉर्ड हळू फिरली की संगीत नुसतं संथ होत नाही, सूरही खाली उतरतो. टेपरेकॉर्डरचे सेल उतरले की गायक रडवेला होतो, ते सगळ्यांनी ऐकलेलं आहे. सहाची पाच पावलं झाली की सूर किती उतरेल याचा हिशेब मी तिथेच पेन्सिलने केला. हार्मोनियमच्या तीन पट्ट्या.

मी तबकडीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवला आणि घड्याळ लावून फेरे मोजले. मिनिटाला तेहतीसच्या वर हवेत, अठ्ठावीसही भरेनात.

"साहेब, तुमचा व्हायोला म्हणजे हळू फिरलेलं व्हायोलिन आहे," मी म्हटलं आणि सगळं समजावून सांगितलं.

त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "बाई, हे अमेरिकन मशीन आहे."

"हो. म्हणूनच."

"आणि मी गेलं वर्षभर यावर ऐकतोय. माझ्या कानांना कळलं नसतं?"

"गाण्याची एखादी रेकॉर्ड लावून बघू."

"ही सुई मी फक्त वाद्यसंगीतासाठी ठेवली आहे."

हे ऐकून स्वयंपाकघरातून निमकर काकू बाहेर आल्या. पदराला हात पुसत त्यांनी कपाटातून त्यांची एक जुनी भक्तिगीतांची रेकॉर्ड काढली आणि नवऱ्याने काही म्हणायच्या आत लावली. कोकिळकंठी म्हणून प्रसिद्ध असलेल्या त्या गायिकेचा आवाज सर्दी झालेल्या पुरुषासारखा बाहेर पडला.

"अगं बाई," काकू म्हणाल्या. "ही तर आमच्या धाकट्या दिरांसारखी गातेय."

"रेकॉर्ड जुनी आहे. उन्हाने वाकली असेल," निमकर साहेब म्हणाले.

तरी मोटर गार करायची होतीच, त्यामुळे त्यांनी मशीन न्यायची परवानगी दिली. ट्रान्सफॉर्मरचा दाब मी थोडा उतरवला, मोटर निवली. राहिला वेग. मोटरच्या शाफ्टवर एक छोटी पितळी पुली असते, तिच्यावरून रबरी पट्टा तबकडीला फिरवतो. मोटर हळू असेल तर पुली तेवढ्या प्रमाणात जाड करायची, मग तबकडी बरोबर फिरते. ती घेऊन मी अंबडला संपतच्या लेथवर गेले. संपत दिंडोरीकडचा, ट्रॅक्टरचे पार्ट करायचा.

"येवढीशी?" त्याने पुली चिमटीत धरून उजेडात बघितली. "मॅडम, ही घड्याळवाल्याकडं न्या. लय बारीक काम हाय."

"तूच कर. हळू फिरतंय, जाड पुली पाहिजे."

"कोण ऐकतं यावर?"

"निवृत्त माणसं."

"मग हळू फिरलं तर बिघडलं काय? त्यांना तरी कुठं घाई हाय?"

पण पुली त्याने झकास करून दिली. दुकानात मशीन जोडलं, पुन्हा फेरे मोजले, बरोबर आले. निमकर साहेबांची एलपी मी मुद्दाम मागून आणली होती. ती लावली. वाद्य वर गेलं, आवाजावरचं मळभ गेलं, आणि जे इतके दिवस जड पावलाने चालत होतं ते साध्या माणसाच्या चालीने चालायला लागलं. ते आता दुःखी असल्याचं दाखवत नव्हतं. दुःखी होतं. मला ते जास्त लागलं.

शुक्रवारी मशीन घेऊन गंगापूर रोडला गेले. मंडळाचे सेक्रेटरी कुलथेही आले होते. कुलथ्यांचं पैठणीचं दुकान होतं आणि निमकर साहेबांच्या वाक्याचे शेवटचे दोन शब्द पुन्हा उच्चारणं हे त्यांचं मंडळातलं काम होतं. मी एलपी लावली. दोघांनी डोळे मिटले. तुकडा संपला, डोळे उघडले.

"घाई होतेय," निमकर साहेब म्हणाले.

"घाई होतेय," कुलथे म्हणाले.

"हा मूळ वेग आहे, साहेब. फेरे मोजून बघा."

"संगीत फेऱ्यांत मोजत नाहीत, बाई. यातलं गांभीर्य गेलं. आत्मा गेला. मशीन तुम्ही बिघडवलंत."

"पण मग व्हायोला?"

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "स्मरणिका छापून झाली आहे," ते म्हणाले. ते एकच वाक्य त्या दिवशी त्यांनी जरा हळू आवाजात म्हटलं. मग लगेच आवाज सावरून, "जुनी पुली लावा. मोटर गार झाली तेवढं पुरे."

मशीन त्यांचं, सुई त्यांची. मी जुनी पुली लावली. गिऱ्हाईक चुकीचं मागत असेल तर एकदा सांगायचं, दोनदा सांगायचं, मग बिल करायचं, असा धंद्याचा नियम आहे. त्या दिवशी तो पाळताना मला स्वतःचाच राग आला. एका म्हाताऱ्या माणसाच्या आयुष्यात मिरवण्यासारखी एकच गोष्ट होती, आणि ती एका पितळी चकतीपायी भलत्याच्या नावावर जात होती. त्या चकतीचा स्क्रू मी माझ्या हाताने आवळला.

संध्याकाळी भालेराव सर दुकानात आले. त्यांच्या व्हायोलिनचा माईक दुरुस्तीला होता. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांना आधी कळेना, मग कळलं, मग ते जे बोलले ते छापता येणार नाही. बराच वेळ बोलले.

"शेवटचा सूर," ते काउंटरवर बोट आपटत म्हणाले, "थरथरतो का? सांगा. नाही थरथरत. का? कारण त्या तारेवर बोटच नाही. मोकळी तार आहे. बोट असतं तर हलवता आलं असतं. संगीतकार मला म्हणाला, डॅनियल, बोट ठेवू नकोस, दार उघडं टाकून गेल्यासारखं वाटू दे. निमकर म्हणतो तो सूर व्हायोलावर मोकळा मिळतच नाही. हे त्या निमकराला सांगितलं मी. माहितीय काय म्हणाला? म्हणाला, तो वादकाचा संयम आहे."

मग आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "मॅडम, रविवारी गुपचूप पुली बदलाल?"

रविवारच्या कार्यक्रमाची ध्वनिव्यवस्था माझीच होती. पुली पर्समध्येच होती. बदलणं दोन मिनिटांचं काम.

"नाही सर. गिऱ्हाईकाचं मशीन आहे. त्याच्या नकळत मी हात लावणार नाही."

"मग मी बघतो," सर म्हणाले आणि माईक न घेताच गेले.

रविवारी सभागृह भरलेलं होतं. मोफत कार्यक्रम आणि नंतर बटाटेवडा, असं असलं की नाशकात रसिकांची वाण पडत नाही. निमकर साहेब जरीचा कुडता घालून स्टेजवर, माईक हातात. मी बाजूला टेबलावर, अॅम्प्लिफायर आणि ते मशीन घेऊन. पहिल्या रांगेत भालेराव सर, स्कार्फसह, मांडीवर व्हायोलिनची पेटी.

आधी व्हिडिओ कॅसेटवरून चित्रपटातला तुकडा ऐकवला. बस सुरू झाली तेव्हा मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. मग एलपी. निमकर साहेबांनी आधी लेखातला एक परिच्छेद वाचून दाखवला, त्यात 'व्हायोलाचा प्रौढ, पितृतुल्य स्वर' असे शब्द होते. मी सुई टेकवली. सगळ्या सभागृहाने डोळे मिटले. फक्त भालेराव सरांनी पेटी उघडली. व्हायोलिन मांडीवर उभं धरलं आणि रेकॉर्ड चालू असताना कान लावून ते एकेक खुंटी सैल करायला लागले. एक तार छेडायची, ऐकायचं, अजून सैल. कुलथे वाकून त्यांच्या कानात म्हणाले, "सर, ते नंतर." सरांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. काय चाललंय ते मला कळलं.

तिसरं, पुतण्याचं ऑक्टोपॅडवालं ऐकून झालं. लोक जरा जागे झाले. मग सत्कार. सरांना स्टेजवर बोलावलं. ते व्हायोलिन घेऊनच चढले.

"मी भाषण करत नाही," सर म्हणाले. माईकवरून हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच म्हटलं असावं. "थोडं वाजवतो. निमकर साहेब, तुम्ही नेहमी डोळे मिटून ऐकता, तसे मिटा."

निमकर साहेबांनी मिटले. माईक त्यांच्या हातातच होता.

सरांनी गज टेकवला. त्या सैल तारांवर, तसंच संथ, तसंच जड, एलपीवर ऐकलं होतं अगदी तसंच त्यांनी वाजवलं. एकेक पायरी उतरत तळाच्या मोकळ्या तारेवर येऊन थांबले.

"अहाहा," निमकर साहेब माईकमध्ये पुटपुटले. डोळे मिटलेलेच. "हाच तो व्हायोला."

"डोळे उघडा," सर म्हणाले.

त्यांनी उघडले. समोर व्हायोलिन होतं.

"हे माझं व्हायोलिन आहे," सर लोकांकडे वळून म्हणाले. "तारा सैल केल्यात, सावकाश वाजवलं. या साहेबांचं मशीन रेकॉर्ड सैल फिरवतं, म्हणून त्यांना व्हायोला ऐकू येतो. आता मी स्टुडिओत वाजवलं होतं ते ऐका."

ते तारा चढवायला लागले. एक खुंटी घसरली, तिला त्यांनी स्टेजवरच शिवी घातली. मग वाजवलं. हात म्हातारा झाला होता, मधले दोन सूर नीट लागले नाहीत. पण वाक्य तेच होतं. थांबायचं तिथे थांबलं, उतरायचं तिथे उतरलं, आणि शेवटी ती मोकळी तार. मला रडू आलं. अॅम्प्लिफायरच्या मागे वाकून मी उगाच वायर तपासली.

टाळ्या पडल्या. मला वाटलं, संपलं. एवढं डोळ्यांसमोर झाल्यावर कोण काय बोलणार?

निमकर साहेब माईक घेऊन पुढे आले. त्यांचा चेहरा उजळला होता.

"मित्रहो, आज एका रहस्याचा उलगडा झाला. आपण ज्याला व्हायोला समजत होतो, ते तारा उतरवून वाजवलेलं व्हायोलिन होतं. त्या काळात असा प्रयोग करणारा, व्हायोलिनमधून व्हायोलाचा परिणाम साधणारा कलावंत आपल्या नाशिकचा आहे. आणि तो आज आपल्यात आहे. भालेराव सर, ही एवढी मोठी गोष्ट तुम्ही आजवर आमच्यापासून लपवून का ठेवलीत?"

सभागृह उभं राहिलं. टाळ्या थांबेनात.

"अहो, मी तेव्हा तारा उतरवल्याच नव्हत्या," सर म्हणत होते. "तुमचं मशीन..." पण त्यांच्या एका हातात व्हायोलिन, दुसऱ्यात गज, आणि कुलथे त्यावर नारळ ठेवायची जागा शोधत होते. मग शाल आली. शाल नाकापर्यंत आल्यावर माणसाला वादविवाद करता येत नाही.

मी माझ्याकडचा माईक उचलला. "साहेब, मशीन स्लो आहे. पुली बदलायला पाहिजे. मी तुम्हाला सांगितलं होतं."

"हो, हो," निमकर साहेब प्रसन्नपणे म्हणाले. "आवाजाची तांत्रिक बाजू सांभाळणाऱ्या पगारे मॅडमचंही आपण गुलाबपुष्प देऊन स्वागत करू या."

मला गुलाब मिळाला. मग बटाटेवडा.

स्मरणिकेच्या उरलेल्या सगळ्या प्रतींवर मंडळाने चिठ्ठी चिकटवली. दिवंगत व्हायोलावादक जसा आला तसा गेला. त्याच्या जागी छापलं, 'तारा उतरवून व्हायोलाचा परिणाम साधणारे व्हायोलिन: श्री. डॅनियल भालेराव'. एका स्थानिक दैनिकाच्या पुरवणीत तोच लेख दुरुस्त होऊन आला. संथ लय, खालची पट्टी, पितृतुल्य स्वर, सगळं जसंच्या तसं. फक्त आता ते सरांच्या कल्पकतेमुळे होतं.

ते कात्रण घेऊन सर दुकानात आले. मी आधीच धुमसत होते. म्हटलं, "सर, मी फेऱ्यांचा हिशेब लिहून देते, मोटरच्या पट्टीचा फोटो देते. पुरवणीच्या संपादकांकडे जाऊ. तुम्ही असलं काही केलं नव्हतं, हे छापायला लावू."

सरांनी कात्रण काउंटरवर सरळ केलं. स्वतःच्या नावावरून अंगठा फिरवला.

"राहू द्या, मॅडम," ते म्हणाले. "इतकी वर्षं खरं वाजवलं होतं ते सांगत फिरलो, कोणी लिहून घेतलं नाही. एकदा खोटं वाजवलं, तर छापून आलं."

मग ते हसले, पण फार नाही. कात्रण घडी करून खिशात ठेवलं आणि माईकचे किती झाले ते विचारलं. मी पैसे घेतले नाहीत. त्यावरून ते माझ्यावर ओरडले आणि पैसे ठेवून गेले. काही महिन्यांनी त्यांच्याकडचे दोन विद्यार्थी तारा सैल करून वाजवायला लागल्याचं माझ्या कानावर आलं. आईवडिलांनी कात्रण वाचलं होतं.

अमेरिकेहून आलेली टर्नटेबलं त्यानंतरही माझ्याकडे बरीच आली. मी आधी फेरे मोजते. हळू निघाली की गिऱ्हाईकाला विचारते, तुम्ही यावर नुसतं ऐकता की लिहिताही? नुसतं ऐकत असेल तर पुली बदलते. लिहीत असेल तर मोटरला तेल घालते आणि मशीन परत करते.